वर्तणूक

माझ्याकडे आली तेव्हा ती नुसता नंबर होती.
डावी बाजू, तीनशे बारा ग्रॅम, नऊ सेंटिमीटर,
वय वर्षं चार.
मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसते ना ग्रंथी,
तिथली गाठ.
मिरजेत, दवाखान्यांच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर
वीस वर्षं मी गुलाबी-जांभळं वाचते आहे.
तरी पोटात धस्स झालं.

केवढाली केंद्रकं, वेडीवाकडी, डोळे वटारलेली.
मोठ्या माणसाच्या पोटातून आली असती
तर चहा निवायच्या आत लिहिलं असतं, कर्करोग.
पण लेकरांच्या या गाठी
दिसतात एक आणि वागतात एक.
भिंगाखाली दात विचकलेली काढल्यावर गुमान निघून जाते,
आणि एखादी गरीब चेहऱ्याची
दोन वर्षांनी यकृतात घर करून बसलेली सापडते.

म्हणून मोजायचं.
चारशे ग्रॅमच्या आत. बरं.
साडेदहा सेंटिमीटरच्या आत. बरं.
मोठी शीर स्वच्छ.
वेष्टण एका जागी उसवलेलं,
गोधडीचा टाका सुटावा इतकंच,
पण सुटलेलं.
मध्ये मेलेल्या पेशींचे पट्टे.
दुभंगणाऱ्या पेशी वीस चौकटींत पंधराच्या वर नकोत,
सतरा निघाल्या.
रात्री झोपून सकाळी पुन्हा मोजल्या.
सोळा.

झाले तीन.
दोनपर्यंत सुधी, चारपासून वाईट.
तीनला काय म्हणायचं ते
कुणी धड लिहून ठेवलेलं नाही.

जिनपाल मगदूम, दुधगावचे,
सांगलीच्या यार्डात हळदीचे तोलाईदार.
अंगणवाडीच्या बाईंनी आधी हेरलं म्हणाले,
प्रार्थनेत एकच आवाज बाप्यासारखा येतो,
आणि वळून बघावं तर सम्यका.
ओठावर लव, वर्षात तीन फ्रॉक तोकडे.
घरात सगळे खूश, पोरगी अंगानं भरली म्हणून.

"वजन किती भरलं?" त्यांनी पहिलं तेच विचारलं.
मी सांगितलं.
मान हलली, काट्यावर हलत असेल तशी.
मग म्हणाले, "वजनावर माल कळत न्हाई, म्याडम.
हळकुंड मोडून बघाय लागतंय."
मोडूनच बघितलंय, म्हटलं,
चौदा ठिकाणी.
"मग कसं वागंल तेवढं सांगा."

टेबलावर माझा कागद होता.
त्यावर, निदानाच्या जागी: वर्तन अनिश्चित.
प्रगतिपुस्तकात वर्तणुकीपुढं
बाई नेहमी 'चांगली' लिहितात,
न बघता.
मला तसं लिहायची फार इच्छा झाली.

ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले,
आमचा म्हातारा हरिपूरला पेवं उकरायचा.
तोंड उघडलं की लगेच उतरायचं न्हाई.
कंदील सोडायचा दोरानं.
विझला तर बसायचं काठावर, तंबाखू मळत.
हळद आत सोनं झालीय का माती,
ते काठावरनं कुणाच्या बापाला कळलं न्हाई.
मग विचारलं, "कंदील कितींदा सोडायचा?"

दर तीन महिन्यांनी, म्हटलं.
सोनोग्राफी, रक्तातली संप्रेरकं.
पाच वर्षं.

चौथ्या खेपेला ती वर माझ्या खोलीत आली.
लव गेली होती, आवाज तसाच राहिला होता.
स्टुलावर उभी राहिली आणि
भिंगाला लावलेलाच डोळा तिनं घट्ट मिटला.
"काळंच हाय की हितं सगळं."
मी तिचा दुसरा डोळा तळव्यानं झाकला.
बराच वेळ ती काही बोलली नाही.
मग त्या जाड आवाजात:
"ह्यातलं माझं कुठलं?"

काचेवर त्या दिवशी शिराळ्याच्या कुणाचं तरी अपेंडिक्स होतं.
मी बोटानं काच थोडी सरकवली,
जणू शोधते आहे.